नाशिकहून कणेरीला: सिद्धगिरीचं ग्रामजीवन नीट पाहायचं कसं

कोल्हापूरपासून बारा-तेरा किलोमीटरवर कणेरी मठ आहे. त्याच्या आवारात सुमारे सात एकरांवर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय उभं आहे. यंत्रं येण्याआधीचं आपलं गाव तिथे माणसाएवढ्या उंचीच्या सिमेंटच्या पुतळ्यांतून दाखवलंय. बलुतेदारांची घरं, विहीर, शेतातली कामं, गुरंढोरं, बायकांची घरकामं, पोरांचे खेळ, सगळं उघड्या आभाळाखाली. पुतळे तीनशेच्या आसपास आहेत.

नाशिककर कोल्हापूरला जातात ते अंबाबाईसाठी. मग रंकाळा आणि पन्हाळा यांच्या मधे कणेरीला दीड तास देतात. तेवढ्यात पुतळ्यांशेजारी फोटो निघतात, मुलं तिसऱ्या देखाव्यानंतर आइस्क्रीम मागू लागतात आणि "छान आहे" म्हणून सगळे गाडीत बसतात. एवढ्या लांब जाऊन हे फार वाईट वाटतं. पुतळे बोलत नाहीत, बोलणारं माणूस आपल्याला सोबत न्यावं लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. पुढची सगळी आखणी त्यासाठीच आहे.

सोबत कोण हवं

घरात निफाड, सिन्नर, दिंडोरी, बागलाण अशा कुठल्याही भागात लहानपण काढलेले पासष्ट-सत्तरीपुढचे कोणी असतील तर सहल त्यांच्या सोयीने आखा. आजीला जातं, उखळ, शेणाचा सडा, गोधडी ठाऊक असते. आजोबांना तिफण, मोट, खळं. दोघंही असतील तर मुलांची विभागणी करा, कारण एका जाणत्या माणसाभोवती चार-पाच मुलांपेक्षा जास्त थांबत नाहीत, मागची पांगतात. घरात असं कोणी नसेल तर शेजारचे निवृत्त शिक्षक किंवा ओळखीतले जुने शेतकरी यांना आग्रहाने न्या. त्यांचा खर्च सगळ्यांनी वाटून घेतला तरी सहल स्वस्तातच पडते.

शाळेची सहल असेल तर दहा-बारा मुलांचा गट आणि प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस. चाळीस मुलांची एकच रांग केली की पुढच्यांना दिसतं आणि मागच्यांना फक्त समोरच्याची पाठ.

निघण्याआधी नाशिकमध्येच एक सकाळ

जाण्याच्या आठवडाभर आधी मुलांना भांडी बाजार आणि तांबट लेनच्या बाजूने एक चक्कर मारून आणा. तांब्याच्या पत्र्यावर ठोके कसे पडतात, एकाच जागी दोन ठोके का देत नाहीत, पत्रा कडक झाला की परत तापवावा का लागतो, हे जिवंत हातांकडून पाहिलेलं मूल कणेरीतल्या कारागिराच्या पुतळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. ठोकून ठोकून धातू कडक होतो, तापवला की पुन्हा नरम पडतो, एवढं कळलं तरी पुष्कळ. तसंच कुंभारवाड्यात चाकावर माती चढताना दाखवा. कारागीर कामात असतात, त्यामुळे सकाळी दहाच्या पुढे जा, आधी विचारा आणि एखादी वस्तू विकत घ्या.

मग प्रत्येक मुलाला एक धंदा नेमून द्या: तू लोहार, तू कुंभार, तू सुतार, तू परीट. प्रत्येकाने तीनच प्रश्नांची उत्तरं शोधायची. कच्चा माल कुठून यायचा? हत्यारं कोणती? कामाचा मोबदला कसा मिळायचा? शाळा पन्नास प्रश्नांचे छापील कागद देतात, त्यात मुलं पाट्या उतरवत बसतात आणि मान वर करत नाहीत. तीन प्रश्न पुरतात.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोल्हापूरकडे जून ते सप्टेंबर पाऊस जोराचा असतो आणि इथला बराचसा फेरफटका उघड्यावर आहे. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर फरशी इतकी तापते की वयस्कर माणसं तासाभरात थकतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, बसगाड्या साधारण साडेदहा-अकरापासून लागतात. म्हणून मधल्या वारी, सकाळी उघडताच आत शिरायचं. तासभर शांततेत मिळतो, आणि सगळ्यात चांगलं बघणं त्या तासातच होतं.

नवरात्रात कोल्हापुरात राहायची खोली मिळणं अवघड. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं थेट मूर्तीपर्यंत पोचतात. तो पाहायचाच असेल तर खोली बऱ्याच आधी ठरवा, नाहीतर त्या तारखा टाळा.

पोचायचं कसं

नाशिक ते पुणे सुमारे २१० किलोमीटर, पुणे ते कोल्हापूर सुमारे २३५. थांबे धरून नऊ ते दहा तास. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांचा खरा अडथळा चाकण. सकाळी साडेआठनंतर कारखान्यांच्या बस आणि कंटेनर रस्त्यावर आले की तिथला अर्ध्या तासाचा टप्पा दीड तासाचा होतो. म्हणून नाशिक साडेचारला सोडा. सिन्नरच्या अलीकडचा मोहदरी घाट आणि संगमनेरपुढचा चंदनापुरी घाट अंधारात किंवा उजाडता उजाडता पार होतात, नाश्ता नारायणगावात आणि आठच्या सुमाराला चाकण मागे. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना नारायणगावात भरपेट मिसळ देऊ नका, पुढे खंबाटकी घाट आहे. साताऱ्यापुढे कागलपर्यंत रस्ता रुंद करण्याचं काम चाललंय, जागोजागी वळणमार्ग आहेत, त्यामुळे नकाशा सांगेल त्या वेळेत एक तास मिळवा.

इंधनाचा हिशोब सोपा आहे. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून ९७० किलोमीटर. गाडी लिटरला सोळा देत असेल तर साधारण ६० लिटर. फास्टॅगमध्ये निघण्याआधीच पैसे भरा, वाटेत टोलनाके बरेच आहेत.

रेल्वेने जायचं तर नाशिक रोडवर कोल्हापूरची गाडी शोधत बसू नका. गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस मनमाडहून कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड, पुणे, सातारा, मिरज अशी जाते, म्हणजे ती पकडायला मनमाड गाठायचं. वयस्करांना पाय पसरून झोपता येतं म्हणून वेळ जास्त लागला तरी हाच प्रवास त्यांना मानवतो.

एसटीचा फायदा खिशाला कळतो. राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट आणि महिलांनाही अर्धं. वयाची सवलत घेणाऱ्यांचं मूळ आधार कार्ड जवळ असू द्या. थेट कोल्हापूरची गाडी मिळाली तर उत्तमच. पुण्याला बदलायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: नाशिकच्या गाड्या शिवाजीनगरला म्हणजे आता वाकडेवाडीला लागतात आणि कोल्हापूरच्या गाड्या स्वारगेटहून सुटतात. मधे अख्खं शहर आहे. आजी-आजोबा आणि बोचकी घेऊन ही बदली संध्याकाळी करू नये.

कणेरी हे कोल्हापूरच्या पुढे, कागलच्या दिशेने, गोकुळ शिरगावच्या बाजूला आहे. त्यामुळे महामार्गाने येणाऱ्याने शहरात घुसायची गरज नाही. पण पहिल्याच दिवशी दहा तास बसून थेट संग्रहालयात जाऊ नका. त्या दिवशी मुक्काम करा आणि दुसरी सकाळ पूर्ण कणेरीला द्या. शहरातून रिक्षा करत असाल तर जाण्या-येण्याचं एकत्र ठरवा, थांबण्याचे चार तास आधीच सांगून. परतीचं वाहन मठापाशी शोधत उभं राहण्यात दुपारचं ऊन डोक्यावर येतं.

पिशवीत काय

माणशी दीड लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, ओआरएसची दोन-तीन पाकिटं, वयस्करांसाठी एक घडीचं स्टूल. स्टूल हास्यास्पद वाटेल, पण तेच सगळ्यात उपयोगी पडतं. आजोबा बसले की बोलतात, उभे राहिले की पुढे चालायची घाई करतात. चपला सहज निघणाऱ्या घाला, मठात देवदर्शनाला जाल तेव्हा पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. आणि फोनमधला आवाज टिपायचा रेकॉर्डर आधी चालवून बघून ठेवा.

आत गेल्यावर

सुरुवातीला गुहेसारख्या वाटेत ऋषिमुनींचे आणि प्राचीन विद्वानांचे देखावे आहेत. उजेडातून एकदम आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, वयस्करांचा हात धरा. इथे पाट्या वाचण्यात उत्साह संपवू नका. पंधरा मिनिटं पुरेत. ज्यासाठी आलोत ते गाव पुढे आहे.

गावात आलं की सगळं बघायचा हट्ट सोडा. सात-आठ देखावे निवडा आणि प्रत्येकापाशी दहा-पंधरा मिनिटं थांबा. बाकीचे चालता चालता दिसतातच. कुठले निवडायचे हे सोबतच्या आजी-आजोबांवर सोडलेलं बरं, पण मोट आणि बैलगाडी चुकवू नका, कारण त्या नुसत्या पाहून समजत नाहीत.

मोटेपाशी मुलांना आधी विचारा, बैल पाणी ओढताना चढावर चालतात की उतारावर? बहुतेक मुलं चढ म्हणतात. मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, विहिरीपासून उतरती असते. बैल उतारावर चालले की त्यांच्या अंगाचं वजनही ओढायला कामी येतं, मोकळी मोट खाली सोडताना ते उलट्या पावली वर येतात. मोट चामड्याची, वरचं तोंड मोठं आणि खाली लांब सोंड. दोर दोन असतात. जाड नाडा वरच्या चाकावरून मोटेच्या तोंडाला, आणि दुसरा बारीक दोर खालच्या आडव्या लाटेवरून (लाकडी रुळावरून) सोंडेच्या टोकाला. मोट वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीने उभी राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर मोट वरच्या चाकाकडे चढत राहते, पण सोंड खालच्या लाटेवरून थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, ओढली जाते, सरळ होते आणि पाणी आपोआप ओतलं जातं. कुणी हात लावत नाही. दोन दोरांची लांबी चुकली तर पाणी विहिरीतच परत. धाव जेवढी लांब तेवढं पाणी खोल, हेही मुलांना पावलं मोजून अंदाजता येतं. हे सगळं आजोबांकडून ऐकायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती पंधरा मिनिटं म्हणजे पूर्ण सहलीचं सार्थक आहे.

बैलगाडीचं चाक तसंच. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरचे लाकडी पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी पट्टी. ही पट्टी खिळ्यांवर टिकलेली नसते. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतो, तापून फुगली की चाकावर बसवून वरून पाणी ओततात. थंड होताना ती आवळली जाते आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट बसतात. म्हणजे सुतार आणि लोहार या दोघांचं काम एकाच चाकात आहे. ज्या दोन मुलांना हे धंदे नेमून दिलेत त्यांना इथे शेजारी उभं करा.

पेरणीच्या देखाव्यापाशी तिफणीचे तीन फण आणि वरचं चाडं (बी सोडायचं लाकडी भांडं) दाखवा. चाड्यावर मूठ धरून बी सोडणं बहुधा बाईचं काम, कारण मूठ एकसारखी सुटली तरच तिन्ही नळ्यांतून सारखं बी पडतं. फणांमधलं अंतर ठरलेलं असतं ते पुढे कोळपं (तण काढायचं औत) त्या ओळींतून फिरावं म्हणून. आजही नाशिक जिल्ह्यात ट्रॅक्टरमागचं पेरणी यंत्र याच हिशोबावर चालतं. जात्यापाशी आजीला बोलू द्या. खालची तळी हलत नाही, वरची पाळू फिरते. घास मोठा टाकला की पीठ जाडं येतं, फार लहान टाकला की दगडावर दगड घासून कच पडते. पाळूला टाकी का लावावी लागते, म्हणजे ती छिन्नीने टोचून खरखरीत का करावी लागते, हा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे. त्यांनी नाही विचारला तर तुम्ही विचारा. आणि ओवी म्हणते का विचारा. आजी नको नको म्हणतात, पण आजूबाजूला गर्दी नसेल तर म्हणतात, म्हणून सकाळची पहिली वेळ. रेकॉर्डर तेव्हा चालू असू द्या.

कुंभार, न्हावी, परीट, तेली ज्या मुलाच्या वाट्याला आलेत त्यालाच माहिती सांगायला लावा. पुतळ्यांना हात लावू देऊ नका, कट्ट्यावर चढू देऊ नका. सिमेंटवरचा रंग बोटांच्या घामाने आणि घासण्याने उडतो, बोटं-नाकाची टोकं तर सहज मोडतात.

जे तिथे दिसत नाही तेही सांगा

गाव तिथे गुण्यागोविंदाने नांदताना दिसतं. बलुतेदाराने वर्षभर काम करायचं आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा, ही व्यवस्था मुलांना समजली पाहिजे, कारण तिच्यावरच गाव चालत होतं. पण तोच वाटा मागायला काहींना खळ्याबाहेर उभं राहावं लागायचं. पाणवठा सगळ्यांना एक नव्हता. धंदा जन्माने ठरायचा आणि बदलता येत नव्हता. मोबदला कसा मिळायचा, हा तिसरा प्रश्न मुलांना याच ठिकाणी आणून सोडतो आणि मोठ्यांनी तिथे गप्प बसू नये.

नाशिकच्या मुलांना हे समजावणं अवघड नाही. काळाराम मंदिर त्यांनी पाहिलेलं असतं. त्याच दारात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. महार वतनाच्या (गावकामाच्या बदल्यातल्या वंशपरंपरागत हक्काच्या) वेठीतून माणसं सुटावीत म्हणून त्यांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं, वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. गाव आपलं आहे, त्यावर प्रेम आहे, म्हणूनच त्यातला हा भाग लपवायचा नाही. आठवी-नववीच्या मुलांना तर हा धागा आधीच वर्गात सांगून न्यावा.

दमछाक आणि जेवण

सकाळी नऊच्या सुमाराला आत गेलात तर दर पाऊण तासाने दहा मिनिटं सावलीत बसा. एकनंतर नवीन देखावा सुरू करू नका. मधुमेह असलेल्यांच्या पिशवीत चिक्की किंवा बिस्किटं असावीत, बोलण्याच्या नादात जेवणाची वेळ टळते. मुलं मागची करमणुकीची ठिकाणं आधी मागतील. ती शेवटी ठेवा, एकदा तिकडे गेलेलं मूल जात्यापाशी परत येत नाही. मठाचं देऊळ आणि शंकराची भव्य मूर्ती बाहेर निघताना पाहा.

दुपारी मुक्कामावर झोप, संध्याकाळी अंबाबाई. त्याच रात्री जेवणानंतर प्रत्येक मुलाने आपल्या धंद्याची तीन उत्तरं मोठ्याने सांगायची. दुसऱ्या दिवसावर ढकललं की हत्यारांची नावं विसरली जातात. तांबडा-पांढरा रस्सा याच रात्री खा, परतीच्या सकाळी नाही.

चप्पल घ्यायची तर

चांभाराचं काम पाहून आल्यावर कोल्हापुरी घेणं स्वाभाविक आहे. हा वारसा अजून जिवंत आहे आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. अस्सल जोडी बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची असते आणि तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. तळ उलटा करून बघा. खिळे दिसले किंवा कडेला डिंकाची रेघ दिसली तर ठेवून द्या. वासही घ्या. कमावलेल्या चामड्याचा वास उग्र पण झाडपाल्याचा येतो, प्लॅस्टिकचा नाही. माप किंचित घट्टच घ्या, आठवडाभरात ती पायाप्रमाणे सैल होते. पहिले दोन-तीन दिवस घरात अर्धा-अर्धा तास घाला आणि अंगठ्याच्या पट्ट्याला खोबरेल तेलाचा हात लावा, नाहीतर फोड येतात. भिजली तर उन्हात वाळवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. सावलीत वाळू द्या.

परतीला कोल्हापूर पहाटे पाचला सोडा, म्हणजे चाकण दुपारी लागतं. संध्याकाळी पाच ते नऊच्या मधे तिथे अडकलात तर नाशिकला पोचायला मध्यरात्र होते, आणि गाडीत आजी-आजोबा आहेत.